इस्टेट एजंटांची संघटना : पाटी भिंतीवर आणि सभासद घरी

मुंब्रा असो, पुण्याचा कोंढवा असो, भिवंडी असो की मालेगाव, आपल्या वस्तीतून पाच-दहा मिनिटे चालले की घर, गाळा आणि जागेचे व्यवहार करणाऱ्या इस्टेट एजंटांची दुकाने दृष्टीस पडतात. त्यातल्या एखाद्या दुकानात भिंतीवर संघटनेची पाटी असते. पाटीखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी नावे असतात. त्या दुकानदाराला विचारावे, 'शेवटची बैठक कधी झाली?' तर तो आठवू लागतो. सभासद किती, असे विचारले तर 'साठ-सत्तर' असे उत्तर मिळते. आणि बैठकीला येतात किती? 'आठ-दहा. तेही तेच ते.'

ही केवळ दलालांच्याच संघटनेची स्थिती आहे असे नाही. यंत्रमागवाले, शिलाईकाम करणारे, भंगारवाले, फर्निचरचे कारागीर, फळविक्रेते, सर्वांच्या संघटनांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. तरीही या लेखात आपण इस्टेट एजंटांचा विचार करणार आहोत. याचे कारण असे की या धंद्यात संघटना झोपली तर त्याची झळ फक्त दलालाला बसत नाही. ती घर घेणाऱ्या कारागिराला बसते, गाळा भाड्याने घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला बसते आणि आयुष्यभराची पुंजी कागदाच्या एका चुकीच्या तुकड्यावर लावणाऱ्या कुटुंबाला बसते.

दलाली हा हलका धंदा नव्हे

आपल्याकडे 'दलाल' हा शब्द नाक मुरडून उच्चारला जातो. खुद्द दलालालाही आपल्या धंद्याचे नाव सांगताना संकोच वाटतो. ज्या धंद्याची लाज वाटते त्याच्या संघटनेत मन लावून कोण काम करील? म्हणून सुरुवात येथूनच केली पाहिजे.

ह. कैस बिन अबी गरज़ा (रजि.) यांची एक रिवायत अबू दाऊद, तिर्मिजी व नसाई यांच्या हदीससंग्रहांत आहे. तिचा आशय असा की, मदिनेच्या बाजारात या लोकांना 'समासिरा' म्हणजे दलाल म्हटले जात असे. प्रेषित (सल्ल.) तेथे आले आणि त्यांनी या लोकांना त्याहून चांगल्या नावाने, 'ताजिर' म्हणजे व्यापारी म्हणून हाक मारली. त्याचबरोबर एक इशाराही दिला. खरेदी-विक्रीत वायफळ बोलणे आणि शपथा येतातच, तेव्हा तिच्यात सदका मिसळत जा, असे त्यांनी सांगितले. म्हणजे धंद्याला मान दिला आणि धंद्यातील दोषही त्याच वेळी दाखवून दिला. इमाम बुखारी यांनीही आपल्या संग्रहात दलालीच्या मेहनतान्यावर स्वतंत्र प्रकरण ठेवले असून, इब्न सिरीन, अता, इब्राहीम व हसन यांना त्यात काही गैर वाटत नव्हते, असे नोंदविले आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मेहनत करून, दोन्ही पक्षांना खरे सांगून मिळविलेली दलाली हलाल आहे. पण या धंद्यात घसरण्याच्या जागा अनेक आहेत. एकटा माणूस घसरतो तेव्हा त्याला हात देणारे आणि वेळ पडल्यास कान धरणारे कोणी तरी लागते. त्याचेच नाव संघटना.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

काही बंधू म्हणतात, 'आता रेरा आला आहे, संघटनेची काय गरज?' या प्रश्नाचे नीट उत्तर दिले पाहिजे.

स्थावर मालमत्ता नियमन व विकास कायदा 2016 साली झाला आणि 1 मे 2017 पासून तो पूर्णपणे अंमलात आला. महाराष्ट्रात त्याचे काम महारेरा पाहते. या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंडाच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. कलम 10 प्रमाणे त्याने बिननोंदणीच्या प्रकल्पात विक्री करून देऊ नये, हिशेबाची पुस्तके व कागदपत्रे ठेवावीत, ग्राहकाची दिशाभूल करू नये आणि नोंदणीच्या वेळी त्याला हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून द्यावीत, अशी त्याची जबाबदारी आहे. ही कलमे मोडल्यास कलम 62 खाली दररोज 10 हजार रुपये आणि एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. 2023 साली महारेराने एजंटांसाठी 20 तासांचे प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली.

कायदा चांगला आहे. पण त्याचा पल्ला कुठपर्यंत आहे, हे पाहा. भाड्याच्या व्यवहारांना तो लागू नाही. जुन्या इमारतीतील पागडीचा गाळा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यालाही तो लागू नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या नसलेल्या जागेवरील किंवा आठपेक्षा जास्त सदनिका नसलेल्या छोट्या बांधकामाला नोंदणीची सक्ती नाही. आणि आपल्या वस्त्यांतील दलालाचा रोजचा धंदा कोणता? भाड्याची खोली, पागडीचा गाळा, जुना फ्लॅट आणि छोटी इमारत! म्हणजे जेथे आपला माणूस सर्वाधिक व्यवहार करतो, तेथे देखरेख करणारा सरकारी अधिकारी नाही. तेथे एजंटाची नियत आणि त्याच्या संघटनेचा धाक, एवढेच उरते.

झोपलेल्या संघटनेची किंमत

4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली बेकायदेशीर इमारत कोसळली आणि 74 जीव गेले. इमारत अपुरी असतानाच तिच्यात लोक राहू लागले होते. स्वस्त खोली मिळते म्हणून गरीब माणूस जातो. त्याला परवानगी, नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र यांतले काही कळत नाही. हे ज्याला कळते तो या धंद्यातला माणूस असतो. त्याने 'येथे राहू नका' असे एकट्याने म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. पण वस्तीतील सर्व एजंटांनी मिळून ठरविले की अमुक इमारतीत आम्ही कोणी कुणाला खोली दाखविणार नाही, तर बिल्डरला ते ऐकावे लागते.

दुसरे उदाहरण कल्याण-डोंबिवलीचे. तेथे खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2024 साली दिला. ज्यांनी कर्ज काढून घरे घेतली त्यांच्यावर आकाश कोसळले. महारेराचा क्रमांक आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानून चालत नाही, हा धडा त्यातून मिळतो. बांधकाम परवानगीचा कागद पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून पाहिला पाहिजे. एका एजंटाला प्रत्येक इमारतीसाठी हे हेलपाटे परवडत नाहीत. पण संघटनेने दोन सभासदांना हे काम दिले आणि त्यांनी आणलेली माहिती सर्वांना दिली, तर एका फेरीत साठ जणांचे काम होते. संघटनेचा खरा उपयोग हा आहे. हार-तुरे आणि स्नेहभोजन त्यानंतर.

सभासद का येत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सभासद बैठकीला का येत नाही? पदाधिकारी म्हणतात, 'लोकांना कौमची पर्वा नाही.' हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. तोच सभासद जनाज्याला धावतो, मदरशाला चंदा देतो, शेजाऱ्याच्या लग्नात राबतो. मग संघटनेतच तो का येत नाही? कारणे शोधली तर ती बहुतेक संघटनेतच सापडतात.

पहिले कारण, तेथे त्याच्या रोजच्या अडचणीवर बोलणे होत नाही. त्याची अडचण असते की त्याने पार्टी दाखविली, आठ दिवसांनी मालक आणि पार्टी डायरेक्ट झाले आणि दलाली बुडाली. किंवा शेजारच्या एजंटाने पार्टी फोडली. बैठकीत मात्र विषय असतो तो सत्काराचा.

दुसरे कारण, हिशेब. वर्गणी गोळा होते, पण ती कोठे गेली हे कोणी सांगत नाही. विचारले तर 'आमच्यावर विश्वास नाही का?' असा उलट सवाल होतो. अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब न देणे हे मात्र अविश्वासाला निमंत्रण आहे.

तिसरे कारण, तीच ती माणसे. दहा-दहा वर्षे एकच अध्यक्ष असतो. नवा, तरुण एजंट काही बोलू लागला तर 'तू काल धंद्यात आलास' म्हणून त्याला गप्प केले जाते. तो पुढच्या वेळी येत नाही, आणि मग 'तरुण येत नाहीत' म्हणून आपणच तक्रार करतो.

चौथे कारण, वेळ. संध्याकाळी सहाला बैठक ठेवली तर कोण येईल? पार्टीला खोली दाखविण्याची वेळ तीच. सातचे बोलावणे, साडेआठला सुरुवात आणि अकरापर्यंत भाषणे. ज्याचे पोट रोजच्या फिरण्यावर आहे त्याला हे परवडत नाही.

आणि पाचवे कारण, सभासद एकमेकांचे स्पर्धक आहेत. कापूस एकत्र विकणाऱ्या शेतकऱ्यांसारखी येथे स्थिती नाही. येथे एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हाती गेले तर पहिल्याचे नुकसान होते. म्हणून मनात संशय असतो. हा संशय भाषणाने जात नाही, तो नियमाने जातो.

पहिला उपाय : दलालीच्या वाटपाचा लेखी नियम

प्रेषितांनी (सल्ल.) एका भावाच्या सौद्यावर दुसऱ्याने सौदा करण्यास मनाई केली आहे. खोटी बोली लावून भाव चढविण्यासही मनाई केली आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हे आदेश आढळतात. त्यांचे आजच्या दलालीच्या भाषेत रूपांतर केले तर संघटनेचे नियमपुस्तक जवळजवळ तयार होते.

उदाहरणार्थ, 30 लाखांच्या गाळ्याचा व्यवहार आहे आणि दलाली प्रत्येक बाजूने एक टक्का ठरली आहे. मालक एका एजंटाचा आणि खरेदीदार दुसऱ्याचा असेल तर प्रत्येकाने आपल्या बाजूचे 30 हजार घ्यावेत. एकाच बाजूकडून दलाली मिळत असेल तर 15-15 हजार वाटून घ्यावेत. पार्टीला जागा दाखविली की त्याच दिवशी एका छापील चिठ्ठीवर तारीख, जागा, पार्टीचे नाव आणि दोन्ही एजंटांच्या सह्या घ्याव्यात. त्या जागेसाठी तीच पार्टी अमुक दिवसांत दुसऱ्या सभासदाने फोडू नये. किती दिवस, हे सर्वांनी मिळून ठरवावे. कुरआनात देण्याघेण्याची मुदत लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये फार तपशिलाने आली आहे. आपण मात्र 'जुबान दिली आहे' म्हणून लिहीत नाही आणि मग जुबानीवरूनच भांडतो.

ज्या दिवशी सभासदाची बुडालेली 15 हजारांची दलाली संघटनेच्या चिठ्ठीमुळे परत मिळेल, त्या दिवसापासून त्याला बैठकीचे बोलावणे पाठवावे लागणार नाही.

दुसरा उपाय : समेटाची समिती

वाद तर होणारच. त्यासाठी तीन जणांची समेट समिती असावी. तिच्यात एक जुना, एक मधल्या फळीतला आणि एक नवा एजंट असावा. वादातील कोणाचा भाऊबंद किंवा भागीदार समितीत असेल तर त्या वादापुरते त्याने बाजूला व्हावे. तक्रार लेखी घ्यावी, दोन्ही बाजू समोरासमोर ऐकाव्यात, 15 दिवसांत निर्णय द्यावा आणि तो वहीत लिहावा. अध्यक्षांच्या जवळच्या माणसाविरुद्ध निर्णय देण्याची हिंमत समितीने एकदा जरी दाखविली, तरी संघटनेची इज्जत दुप्पट होईल. तसे झाले नाही तर नियमपुस्तकाची किंमत रद्दीएवढी.

ग्राहकाची तक्रारही या समितीने ऐकावी. प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. आपल्या धंद्यात ओल म्हणजे भिंतीतली गळती, थकलेले मेंटेनन्स, मालकीचा चालू दावा, नसलेले भोगवटा प्रमाणपत्र. हे लपवून सौदा करणाऱ्या सभासदाला संघटनेने समज द्यावी. वारंवार तसे करील तर त्याचे नाव पाटीवरून काढावे.

तिसरा उपाय : प्रत्येकाला एक लहान काम

माणूस ऐकण्यासाठी एकदा येतो. काम असेल तर तो पुन्हा पुन्हा येतो. चार पदाधिकाऱ्यांनी सर्व कामे अंगावर घेतली की उरलेले साठ जण प्रेक्षक होतात. म्हणून कामे लहान करून वाटावीत. एकाने महिन्यातून एकदा पालिकेत जाऊन परवानग्या ताडून आणाव्यात. एकाने मुद्रांक शुल्क व रेडीरेकनरचे दर बदलले की सांगावे. एकाने नव्या एजंटांना 7/12 उतारा, मिळकतपत्रिका आणि इंडेक्स-2 वाचायला शिकवावे. एकाने लिव्ह अँड लायसन्सचे करार पाहावेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, हे आजही कित्येक मालकांना माहीत नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन भाडेकरू ठेवला जातो आणि वाद झाला की मालकच अडचणीत येतो.

महारेराच्या परीक्षेचे काम तर संघटनेसाठी आयती संधी आहे. पन्नाशीच्या पुढच्या, शाळा लवकर सुटलेल्या, पण धंद्यात मुरलेल्या कित्येक एजंटांना परीक्षेची भीती वाटते. कॉलेजात शिकलेल्या तरुण सभासदांनी त्यांचा अभ्यास घ्यावा. वडीलधाऱ्यांनी तरुणांना बाजारातील खाचखळगे सांगावेत. दोघांचेही काम होईल आणि 'तू काल आलास' ही भाषा आपोआप बंद होईल. ज्या बहिणी हा व्यवसाय करतात त्यांनाही सभासद करून घ्यावे व बैठकीत त्यांच्यासाठी सोयीची जागा व वेळ ठेवावी. घर पाहायला येणाऱ्या स्त्रियांना त्यांच्याशी बोलणे सोपे जाते.

चौथा उपाय : वेळ, वर्गणी, हिशेब

बैठक महिन्यातून एकदाच असावी आणि तिचा दिवस ठरलेला असावा. दुकाने उघडण्यापूर्वी सकाळी, किंवा इशाच्या नमाजनंतर, आपल्या वस्तीला सोयीची वाटेल ती वेळ घ्यावी. पाऊण तासात बैठक संपवावी. विषय तीनपेक्षा जास्त नसावेत. रमजानमध्ये बैठक न ठेवता त्या महिन्याचा हिशेब लेखी द्यावा. मागच्या बैठकीत ठरलेली कामे झाली की नाही, हे प्रथम वाचून दाखवावे. याने उशिरा येणाऱ्याला लाज वाटते आणि वेळेवर येणाऱ्याचा वेळ वाया जात नाही.

वर्गणी थोडी पण नियमित असावी. 40 सभासदांनी महिना 100 रुपये दिले तर 4 हजार होतात, वर्षाचे 48 हजार. एवढ्या रकमेत चिठ्ठ्यांची छपाई, वर्षातून एकदा वकिलाचे मार्गदर्शन आणि अडचणीतील सभासदासाठी छोटी कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी उसनवार, इतके भागू शकते. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला भिंतीवर लावावा. कोणी मागितल्यावर दाखविण्यापेक्षा न मागता दाखविण्यात शान आहे.

येथे कायद्याची एक बाबही लक्षात ठेवावी. ज्या संघटनांची नोंदणी 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली झाली आहे, त्यांना कलम 15 लागू होते. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्या कामी तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. साठपैकी 45 जणांची वर्गणी थकली असेल तर कागदोपत्री 15 जणच संघटना चालवितात. उद्या त्या पंधरांनी चुकीचा निर्णय घेतला तर उरलेल्यांना ओरडण्याचाही हक्क राहत नाही. याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कार्यकारिणीची यादी दरवर्षी निबंधकांकडे द्यावी लागते. ती दिली जाते का, हे विचारणे प्रत्येक सभासदाचे काम आहे.

पदाची मुदत दोन किंवा तीन वर्षांची ठेवावी आणि एकाच माणसाला सलग दोनपेक्षा जास्त वेळा ते पद देऊ नये. जुन्या अध्यक्षाचा अनुभव सल्लागार म्हणून घेता येतो. त्यासाठी खुर्ची अडवून ठेवण्याची गरज नाही.

जो बैठकीत नसतो, त्याच्याविरुद्ध नियम होतो

काही बंधू विचारतील, 'मी गेलो नाही तर काय बिघडते?' याचे उत्तर अमेरिकेतील एजंटांच्या इतिहासात मिळते. तेथील एजंटांची राष्ट्रीय संघटना 1908 साली शिकागोत स्थापन झाली. 1913 साली तिने आपली आचारसंहिता केली. फसवणूक करू नये, ग्राहकाचे हित पाहावे, अशा चांगल्या गोष्टी तिच्यात होत्या. पण 1924 साली त्याच संहितेत असे एक कलम आले की, ज्या वंशाच्या लोकांच्या येण्याने मालमत्तेचे भाव उतरतील त्यांना एजंटाने त्या वस्तीत आणू नये! काळ्या लोकांना घर नाकारणे हा एजंटांच्या नीतीचा भाग बनला. काळ्या एजंटांना त्या संघटनेत सहसा प्रवेश नव्हता, तेव्हा विरोध कोण करणार? त्यांनी 1947 साली आपली वेगळी संघटना काढली. ते कलम 1950 साली बदलले, घरविक्रीतील भेदभावाविरुद्ध कायदा 1968 साली झाला आणि त्या जुन्या संघटनेने आपल्या या भूमिकेबद्दल जाहीर माफी मागितली ती 2020 साली.

हे वाचून आपल्याला आपलीच गोष्ट आठवेल. नाव सांगताच 'सोसायटीत चालणार नाही' हे उत्तर किती मुस्लिम भाडेकरूंनी ऐकले आहे! हे उत्तर पुष्कळदा मालकाच्या आधी दलालाच्या तोंडून येते. म्हणून आपल्या एजंटांनी केवळ वस्तीपुरती संघटना करून थांबू नये. शहराच्या सर्वसाधारण संघटनेतही सभासद व्हावे, तेथे वर्गणी भरावी, बैठकीला जावे, कामे अंगावर घ्यावीत. ज्याने दोन वर्षे संघटनेचे हिशेब चोख ठेवले त्याचे म्हणणे सर्व धर्मांचे सभासद ऐकतात. दारात उभे राहून तक्रार करणाऱ्याचे ऐकत नाहीत.

मात्र हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. आपल्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला, बिहारहून आलेल्या कारागिरांना, दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला किंवा दुसऱ्या मसलकच्या बांधवाला 'चालणार नाही' असे आपण सांगत असू, तर आपल्याला तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

निर्णय चुकला म्हणून मशवरा सोडू नये

शेवटी एक गोष्ट. बैठका सुरू झाल्या की एखादा निर्णय चुकेल. एखाद्या इमारतीबद्दलची माहिती अपुरी निघेल, समेट समितीवर कोणी नाराज होईल. मग लोक म्हणतात, 'म्हणूनच आम्ही येत नव्हतो.' उहुदची घटना आठवावी. शहराबाहेर जाऊन लढावे असा आग्रह अनेक साथीदारांनी धरला आणि प्रेषितांनी (सल्ल.) तो मानला. त्या लढाईत मोठी हानी झाली. त्यानंतर सूरह आलि इम्रानमध्ये जो आदेश आला तो मशवरा बंद करण्याचा नव्हता. साथीदारांना माफ करण्याचा आणि कामात त्यांचा सल्ला घेत राहण्याचा होता. ज्या संघटनेत चूक करणाऱ्याला माफी आणि पुन्हा बोलण्याची संधी मिळते, तीच टिकते.

आपल्या परंपरेत कारागिरांच्या संघटना नव्या नाहीत. 14 व्या शतकात इब्न बतूता अनातोलियात गेला तेव्हा त्याला गावोगाव 'अखी' नावाच्या कारागिरांच्या बंधुसंघटना भेटल्या. दिवसाच्या कमाईतून पैसे एकत्र करून ते लोक वाटसरूंच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करीत. परदेशी माणसाने शेकडो वर्षांनंतरही वाचावी अशी नोंद त्यांनी आपल्या वागण्याने मिळविली. त्यांच्यातील पुष्कळ जण हातावर पोट असलेले कारागीर होते.

तेव्हा ज्या एजंट बांधवांच्या दुकानात संघटनेची पाटी आहे, त्यांनी या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात. थकलेली वर्गणी भरावी. सचिवाला पुढच्या बैठकीची तारीख विचारावी, आणि तारीख नसेल तर ती ठरवायला लावावी. आणि आपल्या हातून होईल असे एक लहान काम मागून घ्यावे. इतर धंद्यांतील वाचकांनी आपापल्या संघटनेत हेच करावे. आणि ज्या वाचकाला घर किंवा गाळा घ्यायचा आहे त्याने एजंटाला एवढेच विचारावे, 'तुमची संघटना आहे का, आणि तिच्यात तक्रार ऐकतात का?' हा प्रश्न दहा गिऱ्हाईकांनी विचारला की झोपलेली संघटना जागी होईल, इन्शाअल्लाह.